३ व्होल्टचे २० व्होल्ट, तेही चिपच्या आत : चार्ज पंप आणि त्यातली गळती

मोबाइलमध्ये फोटो साठवला जातो त्या क्षणी आतल्या फ्लॅश मेमरीच्या चिपवर साधारण २० व्होल्टचं व्होल्टेज उभं राहिलेलं असतं. बाहेरून त्या चिपला मिळतात जेमतेम ३.३ व्होल्ट. फ्लॅशच्या प्रत्येक सेलमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक जागा असते आणि तिच्याभोवती सिलिकॉन ऑक्साइडचा ७-८ नॅनोमीटर जाडीचा पडदा असतो. या पडद्यातून इलेक्ट्रॉन आरपार ढकलायचे, तर सेंटिमीटरमागे सुमारे १ कोटी व्होल्ट इतकं तीव्र विद्युतक्षेत्र लागतं. ३ व्होल्टमध्ये ते जमत नाही. म्हणून चिप स्वतःच व्होल्टेज चढवते, आणि ते काम करणाऱ्या सर्किटला चार्ज पंप म्हणतात.

फ्लॅश हे त्याचं एक ठिकाण झालं. फोनच्या इवल्याशा मायक्रोफोनमधला पडदा सुमारे १० व्होल्टवर ताणून ठेवायला चार्ज पंप लागतो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तेव्हाही आतली चिप याच तत्त्वावर जागी होते. (फेज लॉक्ड लूप शिकताना भेटणारा चार्ज पंप वेगळा. नाव तेच असलं तरी काम वेगळं आहे, आणि या लेखात तो नाही.)

व्होल्टेज चढवायचं म्हटलं की आधी कॉइल आठवते. इन्व्हर्टरमध्ये, मोबाइलच्या चार्जरमध्ये तीच असते. चिपवर मात्र कॉइल काढायची म्हणजे मायक्रोमीटरमध्ये मोजायच्या जाडीच्या धातूचे सपाट वेटोळे काढायचे. जागा भरपूर खातात, इंडक्टन्स मिळतो काही नॅनोहेन्री, आणि धातूचा रोध इतका की बरीचशी ऊर्जा तिथेच तापण्यात जाते. कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरचे स्विच मात्र चिपवर हवे तितके काढता येतात. चार्ज पंप एवढ्याच दोन वस्तूंचा बनलेला असतो.

कपॅसिटरचा एकच गुण इथे कामाला येतो. त्याच्या दोन प्लेटमधला व्होल्टेजचा फरक त्यात साठलेल्या चार्जवर ठरतो. चार्जला बाहेर पडायला वाट दिली नाही, तर तो फरक बदलू शकत नाही. समजा खालची प्लेट ग्राउंडला, म्हणजे ० व्होल्टला जोडली आणि वरची प्लेट ३ व्होल्टच्या पुरवठ्याला. कपॅसिटर भरला. आता वरची प्लेट पुरवठ्यापासून सोडवली आणि खालची प्लेट ० वरून ३ व्होल्टवर नेली. फरक ३ व्होल्टचाच राहणार, म्हणजे वरची प्लेट ६ व्होल्टवर गेली. पुरवठा ३ व्होल्टचाच आहे, पण सर्किटमध्ये एका ठिकाणी ६ व्होल्ट उभे आहेत. बाकी सगळी कारागिरी यावरच रचलेली आहे.

अशा पायऱ्या एकावर एक चढवायची कल्पना जुनी आहे. स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश ग्राइनाखर यांनी ती गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडली. १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी त्याच धर्तीच्या सर्किटने लाखो व्होल्ट तयार केले, प्रोटॉनना वेग दिला आणि लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्या कामासाठी मिळालं. पण खोलीभर पसरलेलं ते सर्किट जसंच्या तसं चिपवर आणलं तर चालत नाही. त्यात कपॅसिटर एकामागे एक साखळीने जोडलेले असतात, आणि प्रत्येक सांध्यावरचा थोडासा नको असलेला कपॅसिटन्स त्या साखळीची ताकद शोषून घेतो. प्रयोगशाळेतले कपॅसिटर त्या मानाने प्रचंड होते, म्हणून तिथे फरक पडला नाही. चिपवर दोन्ही एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

यावरचा उपाय १९७६ मध्ये जॉन डिक्सन यांनी प्रसिद्ध केला. कपॅसिटर साखळीत जोडण्याऐवजी त्यांनी प्रत्येक कपॅसिटरची खालची प्लेट थेट क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक वेगाने ० आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये वर-खाली होत राहणाऱ्या तारेला जोडली. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला पूर्ण जोराचा उचल मिळतो, साखळी कितीही लांब असो. किंमत एकच, शेवटच्या कपॅसिटरना जवळजवळ पूर्ण व्होल्टेज सोसावं लागतं. त्या काळच्या एका मेमरी चिपला ४० व्होल्ट लागत, ते डिक्सन यांनी आतच तयार करून दाखवले. ही युक्ती सगळीकडे रुळायच्या आधी काय अवस्था होती ते पाहा : इंटेलच्या २८१६ या विजेने पुसता येणाऱ्या मेमरीला लिहिण्यासाठी २१ व्होल्टचा वेगळा पुरवठा बाहेरून द्यावा लागे. आज पेन ड्राइव्ह वापरणाऱ्याला अशा पुरवठ्याची कल्पनाही नसते.

डिक्सनची साखळी कशी चालते ते समजायला स्लॅब टाकायच्या दिवसाची आठवण करा. जिन्यावर माणसांची रांग उभी असते आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. खालच्याने हात वर उचलले की वरचा वाकतो, दोघांचे हात एका उंचीवर येतात आणि घमेलं सरकतं. मग वरचा उठतो आणि त्याच्या वरचा वाकतो. पंपातही तसंच आहे. दोन क्लॉक असतात, एक वर असताना दुसरा खाली. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या कपॅसिटरला एक क्लॉक, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्याला दुसरा. ज्याचा क्लॉक वर, त्याची वरची प्लेट उचललेली. ज्याचा क्लॉक खाली, तो वाकलेला. उचललेल्यातून वाकलेल्यात चार्ज जातो, आणि मध्ये असलेला डायोड किंवा स्विच तो मागे येऊ देत नाही.

या रांगेवरून हिशोबाचं पहिलं कलम लगेच कळतं. घमेलं वर पोचवायला प्रत्येक माणसाला एकदा जोर लावावा लागतो. पंपात ६ टप्पे असतील, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कूलंबमागे पुरवठ्यातून ७ कूलंब निघतात : एक सुरुवातीला भरायला आणि सहा उचलायला. बदल्यात व्होल्टेज जास्तीत जास्त ७ पट होऊ शकतं. म्हणजे ३ व्होल्टपासून २१. पण बाहेर प्रत्यक्षात १५ व्होल्टच हवे असतील, तरी मोजावे लागतात ते ७ कूलंबच. मग सगळं काही आदर्श असूनही कार्यक्षमता १५ भागिले २१, म्हणजे ७१ टक्क्यांच्या वर जाणार नाही. वरचे ६ व्होल्ट सर्किटच्या आत कुठेतरी उष्णता होऊन जातात.

ते जातात कुठे, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. दुर्दैवाने वर्गात तो घाईत उरकला जातो, म्हणून इथे जरा थांबू.

रिकामा १ पिकोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडला. पुरवठ्यातून ३ पिकोकूलंब चार्ज निघाला, तोही ३ व्होल्टवरून, म्हणजे ९ पिकोज्यूल ऊर्जा खर्च झाली. कपॅसिटरमध्ये साठली अर्धा गुणिले १ गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे ४.५ पिकोज्यूल. उरलेले ४.५ तारेत आणि स्विचमध्ये जळाले. पटकन सुचतं की स्विच जाड करावा, रोध कमी करावा, म्हणजे जळणं कमी होईल. होत नाही. रोध दहापट कमी केला तर करंट दहापट वाढतो, काम दहापट लवकर संपतं, आणि जळालेली ऊर्जा तेवढीच, ४.५ पिकोज्यूल राहते. उत्तरात रोध येतच नाही.

आता तोच कपॅसिटर आधीच २.७ व्होल्टला भरलेला आहे असं समजा. पुरवठ्याला जोडल्यावर फक्त ०.३ पिकोकूलंब चार्ज जाईल. खर्च ०.९ पिकोज्यूल. जळालेली ऊर्जा अर्धा गुणिले १ गुणिले ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०४५ पिकोज्यूल. नुकसान ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. स्विच तोच, कपॅसिटर तोच, पुरवठा तोच. बदलली ती फक्त चार्ज ज्या उंचीवरून पडला ती उंची. घमेलं देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हात एका पातळीवर असले तर काही सांडत नाही. हातभर वरून टाकलं तर सांडतं, मग घेणारा कितीही तरबेज असो.

चार्ज पंपाची कार्यक्षमता वाढवायची तर पहिलं काम हेच : चार्ज एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात जाताना त्यांच्या व्होल्टेजमधली दरी लहान ठेवायची. प्रत्येक फेरीत कपॅसिटर थोडासाच रिकामा व्हावा, थोडासाच भरावा. त्यासाठी एक तर कपॅसिटर मोठा हवा, नाहीतर फेऱ्या जास्त हव्यात, म्हणजे क्लॉकची फ्रीक्वेन्सी वाढवायला हवी. बाहेरून पाहिलं तर पंप एखाद्या रोधासारखा वागतो. कपॅसिटन्स आणि फ्रीक्वेन्सी यांच्या गुणाकाराने १ ला भागलं की एका टप्प्याचा रोध मिळतो. ५ पिकोफॅरड आणि २० मेगाहर्ट्झ असेल तर १० हजार ओहम. असे सहा टप्पे म्हणजे ६० हजार. बाहेर १०० मायक्रोअँपिअर घेतले तर बरोबर ६ व्होल्ट पडतात, २१ चे १५ होतात. मघाचे हरवलेले ६ व्होल्ट ते हेच.

एवढंच असतं तर फ्रीक्वेन्सी वाढवत नेली की झालं असतं. आडवी येते ती खालची प्लेट.

चिपवरचा कपॅसिटर हवेत लटकत नसतो. त्याच्या खाली सिलिकॉनचा सब्स्ट्रेट, म्हणजे चिपचा पाया, असतो, आणि खालची प्लेट व सब्स्ट्रेट मिळून आपोआप दुसरा, नको असलेला कपॅसिटर बनतो. घमेल्यासोबत माणसाला स्वतःचे हातही दरवेळी उचलावे लागतात, तसं क्लॉक दर फेरीला या कपॅसिटरला वर-खाली करतो. त्यातून बाहेर काहीच मिळत नाही. वरच्या धातूच्या थरांमध्ये काढलेल्या कपॅसिटरमध्ये हा भार मूळ कपॅसिटन्सच्या साधारण १ ते ५ टक्के असतो. ट्रान्झिस्टरच्या गेटचा, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचा, कपॅसिटर वापरला तर त्याच जागेत कित्येक पट कपॅसिटन्स मिळतो, पण हा भार ५ ते १० टक्के, कधी त्याहून जास्त होतो. टक्के कमी वाटतात, पण हा खर्च संपूर्ण ३ व्होल्टच्या झोक्यावर, दर फेरीला, प्रत्येक टप्प्यात होतो. बाहेर लोड, म्हणजे करंट घेणारं काही, असो वा नसो.

म्हणून फ्रीक्वेन्सी दुप्पट केली की दरी लहान होऊन एक नुकसान घटतं आणि हातांचं ओझं दुप्पट वेळा उचलावं लागून दुसरं वाढतं. या दोन नुकसानांच्या ओढाताणीतच डिझाइन ठरतं. आपल्या तंत्रज्ञानात कोणता कपॅसिटर मिळतो आणि त्याच्या खालच्या प्लेटचा भार किती टक्के आहे, हे कळल्याशिवाय पंपाचा कागदावरचा आराखडाही काढू नये असं माझं ठाम मत आहे. आणखी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. जिच्यावर हा भार आहे ती प्लेट नेहमी क्लॉकच्या बाजूला जोडायची. उलटी जोडली तर तोच भार उचललेल्या बाजूला लागतो आणि प्रत्येक टप्प्याची उंचीच कमी करतो. लेआउट, म्हणजे चिपचा प्रत्यक्ष नकाशा, करताना ही अदलाबदल सहज होऊन जाते.

टप्पे किती घ्यायचे हा प्रश्न इथून सुटतो. ३ व्होल्टपासून १५ व्होल्ट हवेत. आदर्श हिशोबाने ४ टप्पे म्हणजे ५ पट, बरोबर १५. पण ४ टप्प्यांत करंट घेता येणार नाही, कारण थोडाही करंट घेतला की व्होल्टेज १५ च्या खाली जाईल. ते टिकवायला अनंत मोठे कपॅसिटर लागतील. म्हणजे ५ तरी हवेत. लोड १०० मायक्रोअँपिअर, फ्रीक्वेन्सी २० मेगाहर्ट्झ आणि खालच्या प्लेटचा भार १० टक्के धरून मी हिशोब मांडतो. स्विच आदर्श समजू.

५ टप्पे घेतले तर सगळे कपॅसिटर मिळून सुमारे ४२ पिकोफॅरड लागतात आणि कार्यक्षमता ५९ टक्के येते. ६ टप्प्यांना एकूण ३० पिकोफॅरड पुरतात, कार्यक्षमता ५७ टक्के. ८ टप्प्यांना सुमारे २७ पिकोफॅरड, पण कार्यक्षमता घसरून ४७ टक्के.

हे आकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहेत. ५ वरून ६ वर गेलं की जागेत जवळजवळ तीस टक्के बचत होते आणि कार्यक्षमतेचे फक्त दोन टक्के जातात. ६ वरून ८ वर गेलं की जागेत जेमतेम दहा टक्के वाचतात आणि कार्यक्षमतेचे दहा टक्के जातात. सूत्र सांगतं की कमीत कमी जागेसाठी आदर्श टप्प्यांच्या दुप्पट, म्हणजे इथे ८ टप्पे घ्यावेत. गणिताने ते अचूक आहे. पण त्या किमान बिंदूजवळ आलेख इतका सपाट आहे की अगदी तिथवर जाण्यात अर्थ नाही. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूसाठी मी ६ च घेईन.

आणि आता खालच्या प्लेटचा भार १० ऐवजी २ टक्के धरा. ५ टप्प्यांची कार्यक्षमता ५९ वरून ७७ टक्के होते. ८ टप्प्यांची मात्र ४७ वरून ५४ वरच थांबते, कारण तिथे नुकसान मुख्यतः दरीमुळे होतंय, हातांच्या ओझ्यामुळे नाही. चांगल्या कपॅसिटरवर केलेला खर्च टप्पे बेताचे असतील तरच वसूल होतो.

जागेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. धातूच्या थरांमधल्या साध्या कपॅसिटरमध्ये चौरस मायक्रोमीटरमागे १ ते २ फेम्टोफॅरड मिळतात. २ धरले तर ३० पिकोफॅरडना १५ हजार चौरस मायक्रोमीटर, म्हणजे साधारण १२२ मायक्रोमीटर बाजूचा चौरस लागतो. केसाच्या जाडीच्या आसपासची ही लांबी चिपच्या जगात मोठी जागा आहे. सिलिकॉनमध्ये खोल खड्डे खणून केलेल्या कपॅसिटरमध्ये त्याच जागेत शंभरपटीपर्यंत कपॅसिटन्स मावतो, पण ती सोय प्रत्येक फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यात, नसते.

इथवर स्विच आदर्श धरले. डिक्सनच्या मूळ रचनेत स्विचच्या जागी डायोडसारखा जोडलेला ट्रान्झिस्टर होता. तो चालू व्हायला थ्रेशोल्ड व्होल्टेज मागतो, समजा ०.७ व्होल्ट, आणि तेवढं प्रत्येक टप्प्यात कापून घेतो. १२ व्होल्टच्या काळात त्याचं काही वाटत नव्हतं. ३ व्होल्टमधून ०.७ गेले तर टप्प्यामागे २.३ मिळतात, तेही खपतं. १.२ व्होल्टच्या पुरवठ्यावर उरतात ०.५. त्यात आणखी एक अडचण आहे : साखळीत वर जावं तसं ट्रान्झिस्टरच्या सोर्स या टोकाचं व्होल्टेज सब्स्ट्रेटच्या वर वर जातं आणि थ्रेशोल्ड वाढत जातो. बॉडी इफेक्ट म्हणतात तो हाच. थ्रेशोल्ड १ व्होल्टवर पोचला की टप्प्यामागे ०.२ व्होल्ट. पुढे टप्पे वाढवूनही हाती काही लागत नाही.

१९९० च्या दशकात या अडचणीवर बरंच काम झालं. एक वाट अशी की पुढच्या टप्प्यावरचं चढलेलं व्होल्टेज मागे आणून त्यानेच मागच्या स्विचचं गेट उघडायचं. मग स्विच पूर्ण उघडतो, म्हणजे चार्जला मोकळी वाट देतो, आणि थ्रेशोल्ड कापला जात नाही. दुसरी वाट आज जास्त दिसते. एकाच जागी दोन जुळ्या शाखा घ्यायच्या, उलट क्लॉकवर चालणाऱ्या. एका शाखेची उचललेली प्लेट दुसऱ्या शाखेच्या स्विचचं गेट उघडते, आणि दुसरीची पहिलीचं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी १९९८ मध्ये अशा दुप्पट करणाऱ्या सर्किटचं बारकाईने विश्लेषण प्रसिद्ध केलं होतं. याचा दुहेरी फायदा आहे. थ्रेशोल्डचं नुकसान जातंच, शिवाय प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ पुरवठ्याइतकंच व्होल्टेज राहतं, त्यामुळे पातळ ऑक्साइडचे साधे, वेगवान ट्रान्झिस्टर वापरता येतात. मर्यादा येते ती ज्या वेलमध्ये (सब्स्ट्रेटमध्येच बनवलेल्या वेगळ्या भागात) ट्रान्झिस्टर बसवलेत त्या वेलच्या आणि सब्स्ट्रेटच्या जंक्शनची. त्याला मात्र पूर्ण व्होल्टेज सोसावं लागतं, आणि साखळी किती उंच न्यायची हे बहुतेक वेळा तेच ठरवतं.

उघडा स्विच दोन्ही दिशांना वाहतो, हा या रचनेचा धोका. डायोड मागे येऊ देत नव्हता. इथे दोन क्लॉक बदलताना क्षणभर दोन्ही बाजूंचे स्विच एकदम उघडे राहिले तर वर नेलेला चार्ज गपकन खाली येतो. कष्टाने चढवलेलं घमेलं परत घसरतं. म्हणून एक क्लॉक पूर्ण खाली आल्याशिवाय दुसरा वर जाऊ नये अशी मध्ये थोडी मोकळी जागा ठेवतात. ती फार ठेवली तर चार्ज सरकायला वेळ उरत नाही. तापमान आणि पुरवठा बदलला की हे अंतर बदलतं, त्यामुळे फक्त २७ अंशांवर सिम्युलेशन करून समाधान मानू नये.

ती मोकळी जागा आणखी एका कामाला येते. क्लॉक बदलायच्या आधी दोन विरुद्ध शाखांच्या खालच्या प्लेट क्षणभर एकमेकांना जोडायच्या. एक वर होती, दुसरी खाली. दोघी अर्ध्यावर येतात. मग वर जाणारीला पुरवठ्याकडून फक्त उरलेला अर्धा झोका घ्यावा लागतो. खालच्या प्लेटच्या भाराचा खर्च निम्म्यावर येतो आणि त्यासाठी लागतो एक जादा स्विच आणि त्याचा क्लॉक. १० टक्के भाराच्या कपॅसिटरवर काम करायचं असेल तर हे केलंच पाहिजे.

स्विचचं माप ठरवताना वरचा रोधाचा मुद्दा लक्षात ठेवावा. दिलेल्या वेळात चार्ज जवळजवळ पूर्ण सरकतोय एवढा रोध कमी असला की पुरे. त्यापुढे स्विच मोठा केला तर त्याचं गेट मोठं होतं, ते हलवायला ऊर्जा लागते आणि बदल्यात काही मिळत नाही.

पंपाला लगामही हवा, कारण लोड कमी झाला की व्होल्टेज वर पळतं आणि ऑक्साइड फुटू शकतं. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा एका कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटला, देतात. व्होल्टेज पुरेसं झालं की क्लॉक बंद, खाली आलं की पुन्हा चालू. कमी लोडला फेऱ्याच कमी होत असल्यामुळे खालच्या प्लेटचा खर्चही तेवढा कमी होतो, म्हणून ही पद्धत मला सरस वाटते. मात्र तो हिस्सा काढायला रोधांची साखळी लावली आणि तिने १ मायक्रोअँपिअर घेतला, तर ६ टप्प्यांच्या पंपात मुळाशी किमान ७ मायक्रोअँपिअर जातात. झोपेतही बॅटरी खाणाऱ्या चिपमध्ये पहिला संशय या साखळीवर घ्यावा. त्याऐवजी कपॅसिटरनेच व्होल्टेज वाटून घेता येतं.

इतकं करूनही पूर्ण चिपवरचा, दहा-वीस व्होल्टचा पंप अर्ध्याच्या आसपास कार्यक्षमतेवर चालतो. मोठ्या एसएसडीमध्ये अनेक फ्लॅश चिप एकाच वेळी लिहीत असतात. तिथे हा तोटा जाणवण्याइतका मोठा होतो, म्हणून काही फ्लॅश चिपना बाहेरून १२ व्होल्ट घ्यायची सोय ठेवलेली असते. सर्व्हरमध्ये १२ व्होल्ट आधीच असतात आणि बाहेर कॉइलचा कन्व्हर्टर लावायला जागाही असते. फोनच्या फ्लॅशसाठी यांपैकी काही मिळत नाही.

फास्टॅगच्या चिपमध्ये तर बॅटरीच नसते. नाक्यावरच्या रीडरकडून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, अँटेनावर व्होल्टच्या काही दशांशांचा झोका तयार होतो आणि चिपला मिळणारी शक्ती १० मायक्रोवॅटच्या आसपास, कधी त्याहून कमी. तिथे क्लॉक कुठून आणणार? येणारी लहरच क्लॉक होते. डिक्सनच्या साखळीची खालची टोकं अँटेनाला जोडली की तीच लहर उचलते आणि तीच भरते. इथे थ्रेशोल्डचा प्रत्येक मिलिव्होल्ट महाग असतो. म्हणून अशा चिपमध्ये कमी व्होल्टेजला चालू होणारे शॉटकी डायोड किंवा जवळजवळ शून्य थ्रेशोल्डचे ट्रान्झिस्टर वापरतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टॅगने शॉटकी डायोड वापरून १६.७ मायक्रोवॅटवर जागं होऊन दाखवलं होतं, आणि त्या काळी ती मोठी मजल होती. टप्पे इथेही वाढवून चालत नाहीत : प्रत्येक नवा टप्पा आपला नको असलेला कपॅसिटन्स थेट अँटेनावर लादतो आणि मिळणारा झोकाच लहान करतो.

दुसऱ्या टोकाला जलद चार्जिंग करणारे फोन आहेत. अनेक फोनमध्ये चार्जरकडून बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज घेऊन आतला चार्ज पंप ते निम्मं करतो, करंट दुप्पट करतो आणि ९७-९८ टक्के कार्यक्षमता गाठतो. तत्त्व तेच, फक्त उलट दिशेने. कपॅसिटर चिपच्या बाहेर, मायक्रोफॅरडमध्ये मोजायचे, म्हणजे आपल्या पिकोफॅरडच्या लाखो पट मोठे. खालच्या प्लेटचा भार नगण्य. आणि दरी लहान ठेवायची जबाबदारी चार्जर उचलतो. बॅटरी ३.८ वरून ४.२ व्होल्टकडे चढत जाते, तसतसा फोन चार्जरला सांगत राहतो आणि यूएसबीच्या पीपीएस पद्धतीचा चार्जर २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी आपलं व्होल्टेज तिच्या दुपटीच्या किंचित वर ठेवतो. साध्या ९ व्होल्टच्या चार्जरवर तोच पंप आपलं गुणोत्तर मध्येच बदलू शकत नाही. म्हणून तसा चार्जर लावला की फोन पंप बाजूला ठेवून कॉइलवाल्या कन्व्हर्टरने, कमी वेगाने चार्ज होतो.